बिशपांनी शब्द कुणाला दिला

३ ऑगस्ट, रविवार

बिशपांचं पत्र आलं. प्रार्थना आटोपून चर्चला कुलूप लावत होते, तेवढ्यात मास्तरांनी हातात ठेवलं. कालच आलेलं, द्यायचं विसरले होते. सप्टेंबरमध्ये देशभरच्या प्रापंचिकांची परिषद आहे. प्रापंचिक म्हणजे आम्ही — झगा नसलेले, घरदार असलेले. झाडून सगळे बिशप येणार. आणि 'चर्चमधलं प्रापंचिकांचं नेतृत्व' या विषयावरचं मुख्य भाषण मी करायचं!

मी पायरीवरच बसले. मास्तर म्हणाले, "बाई, उठा. लोकांना वाटेल चक्कर आली."

घरी येऊन ह्यांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "मोठा मान आहे," म्हणाले. मग घडी होती तशी घालून परत दिलं आणि पडद्याची सुटलेली शिवण घालायला बसले. डेपोतून निवृत्त झाल्यापासून घरातली एक शिवण उसवलेली राहू देत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

भाषण लिहायला घेतलं. काय सांगू? सात वर्षांपूर्वी आमचे म्हातारे फादर गेले आणि बिशपांकडे पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. ते स्वतः आले. भर चर्चमध्ये विचारलं, फादर मिळेपर्यंत हे कोण सांभाळेल? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तेव्हापासून दर रविवारी वाचन, चार शब्द, प्रार्थना. शेजारच्या गावचे फादर महिन्यातून एकदा येऊन मिस्सा, म्हणजे फादरांनीच करायची मुख्य उपासना, करतात. त्यांनी ठेवलेला ख्रिस्तप्रसाद बाकीच्या रविवारी मी वाटते. कुणी गेलं की दफनाची प्रार्थना मी. लग्न ठरलेल्या जोडप्यांची शिकवणी मी. बाप्तिस्म्याच्या नोंदी मी. आणि उरलेले सहा दिवस दवाखान्यात एक्स-रे. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दिवसातून साठ वेळा. एकदा वेदीवरून म्हणून गेले होते, "प्रभू तुम्हांबरोबर असो" च्या जागी. पुढच्या बाकांनी खरंच श्वास धरला.

९ ऑगस्ट

मास्तर आमच्या चर्च समितीचे सचिव. रविवारी ऑर्गनही तेच वाजवतात. त्यांना भाषण वाचून दाखवलं. शाळेत चाळीस वर्षं वह्या तपासल्या त्यांनी. लाल पेन खिशातून आपोआप निघतं.

"बाई, पहिल्या पानात 'मी' चौदा वेळा आलंय."

"मग कोण करतं हे सगळं?"

"तुम्हीच करता. पण ऐकणाऱ्याला मोजायला लावू नका."

राग आला. घरी येऊन नऊ खोडले.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेनंतर लगेच बेकरीवाल्याच्या वडिलांचं दफन. कबरीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. मास्तरांनी कोपराला धरलं म्हणून निभावलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, दुसरं काही नाही.

घरी आले तर ह्यांना आधीच कळलेलं. दारात उभे. "डॉक्टरांना दाखवू या."

म्हटलं, मी दवाखान्यातच असते.

"तिथे तू असतेस. पेशंट म्हणून कधी गेलीस?"

दुपारी लेकीचा फोन. तीही तेच. बापलेकीचं संगनमत आहे. पुढच्या आठवड्यात ये म्हणते, चार दिवस राहा. रविवार मध्ये येतो म्हटलं. तर म्हणाली, "रविवार मध्ये येतोच ग आई. दर आठवड्याला येतो."

२६ ऑगस्ट

चर्चमागची फादरांची खोली सात वर्षं बंद होती. आज पाहते तर दार उघडं, आत रंगारी! "कुणी सांगितलं?" तर म्हणे, "मास्तरांनी किल्ली दिली."

मास्तरांना विचारलं. ते चष्मा पुसायला लागले. "बिशप हाऊसमधून फोन होता. खोली नीट करून ठेवा म्हणाले. कुणी पाहुणे असतील."

पाहुण्यांसाठी कपाट आणि लिहायचं टेबल? पण भाषण डोक्यात होतं. सोडून दिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

परिषदेला पोचले. मोठं सभागृह, गालिचा, प्रत्येक खुर्चीवर फाईल. गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं — 'प्रमुख वक्ता'. सहाशे माणसं. वकील, प्राध्यापक, एक निवृत्त न्यायाधीश. एक्स-रे काढणारी मी एकटीच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहीन.

भाषण झालं. चांगलं झालं. बेकरीवाल्याच्या वडिलांचं सांगितलं — अखेरच्या दिवसांत त्यांना आठवणीतली एकच प्रार्थना येत होती, तीही अर्धी, उरलेली अर्धी मी म्हणायचे. माणसं शांत बसून ऐकत होती. शेवटी सगळे उभे राहिले. बिशपसुद्धा. आमचे बिशप या वर्षी सगळ्या बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष आहेत. त्यांनी व्यासपीठावर माझा हात धरून वर केला. जाहीर केलं की राष्ट्रीय प्रापंचिक आयोगावर माझी नेमणूक झाली आहे. पुन्हा टाळ्या.

मग चहा. एक अनोळखी सिस्टर जवळ आल्या, दोन्ही हात हातात घेतले. "फार छान बोललात. आता जरा विश्रांती मिळेल तुम्हाला. फादर येतायत ना तुमच्याकडे, एक ऑक्टोबरला."

मी म्हटलं, नाही, दुसरं कुठलं तरी चर्च असेल.

"अहो, यादी लागलीय की बाहेर."

बाहेर फळ्यावर धर्मगुरूंच्या नेमणुकांची यादी. तिसऱ्या ओळीत आमचं चर्च. पुढे एका फादरांचं नाव. त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात — 'प्रापंचिक नेतृत्वाची तात्पुरती व्यवस्था समाप्त.'

तात्पुरती. सात वर्षं, बावन्न रविवार दर वर्षी.

बिशपांना जिन्यापाशी गाठलं. बरोबरचे लोक पुढे गेले. मी विचारलं, "हे खरं आहे?"

"हो."

"मला न विचारता? आत्ता तासाभरापूर्वी माझा हात धरून उभे होतात तुम्ही."

"तुमचं काम मी मनापासून मानतो. आयोगावर म्हणूनच घेतलं."

"मला आयोग नको. मला कारण सांगा. कुणी तक्रार केली?"

ते अंगठीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तक्रार नाही. पण कारण मी सांगू शकत नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तुमच्या भल्याचंच आहे," म्हणाले आणि जिना उतरून गेले. म्हातारे झालेत. कठड्याला धरून उतरत होते. मला जराही कीव आली नाही.

१३ सप्टेंबर

परतीची बस. सहा तास खिडकीबाहेर पाहिलं, काय पाहिलं सांगता येणार नाही. डोक्यात एकच. शब्द कुणाला दिला? आमच्याकडून बिशप हाऊसशी पत्रव्यवहार करतं कोण? सचिव. खोली उघडून कुणी दिली? सचिवाने. चष्मा कोण पुसत बसलं होतं?

चौदा वेळा 'मी' मोजणारा माणूस.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रार्थना संपली. शेवटचं गीत झालं. लोक उठायच्या आत मी म्हणाले, बसा.

सगळं सांगितलं. यादी, तारीख, शेरा. कुजबुज झाली. मग ऑर्गनकडे वळून म्हणाले, "मास्तर, यांना सांगा तुम्ही काय लिहून कळवलंत बिशपांना."

ते उभे राहिले. "मी काही लिहिलेलं नाही, बाई."

"खोलीची किल्ली कुणी दिली?"

"मी दिली. फोन आला, दिली."

"आणि मला काय सांगितलंत? पाहुणे येणार!"

"मला शंका आली होती," ते म्हणाले. "खात्री नव्हती. तुम्ही भाषणाच्या गडबडीत होतात. वाटलं, आल्यावर..."

"पुरे. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून माझीच पानं लाल करत होतात. गोड बोलून गळा कापलात."

हो, हे शब्द. ऐंशी माणसांसमोर. लिहिताना बरे दिसत नाहीत, पण बोलले तसेच लिहायचे.

मास्तरांनी स्वरांचं पुस्तक उचललं. ऑर्गनचं झाकण उघडंच राहिलं. मधल्या वाटेने सरळ चालत बाहेर गेले, कुणाकडे न बघता. त्यांची बायको मागून. तिने जाता जाता माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

हे शेवटच्या बाकावर होते. येताना वाटेत म्हणाले, "एवढं बोलायला नको होतं."

"तुम्ही त्यांची बाजू घेताय?"

"बाजू नाही घेत. त्यांनी केलं नसेल."

"तुम्हाला काय माहीत?"

घरी येऊन ह्यांनी जेवण वाढलं, स्वतः जेवले नाहीत.

१८ सप्टेंबर

आयोगाचा राजीनामा पाठवला. दोन ओळी. कारण लिहिलं नाही. त्यांना कारण सांगता येत नाही, मलाही नाही.

दुपारी बेकरीवाल्याची बायको मनगट घेऊन आली, घसरून पडली होती. फिल्म काढली, हाड शाबूत. निघताना तिला विचारलं, फादर येणार, तुम्हाला काय वाटतं?

मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "ताई, तुमचे उपकार आहेतच. पण फादर आले तर बरंच की. पापनिवेदन फादरांपुढेच करावं लागतं, त्यासाठी केवढं लांब जावं लागतं. सासऱ्यांचं शेवटचं पापनिवेदन राहूनच गेलं. तुम्ही प्रार्थना केलीत, पण ते काही तुमच्या हातात नव्हतं."

खरं आहे. ते माझ्या हातात नव्हतं. तिच्या मनगटाला पट्टी बांधून दिली. हात माझाच दुखत होता.

२१ सप्टेंबर, रविवार

ऑर्गन नाही. गीत मीच सुरू केलं, फार वरच्या पट्टीत. मधेच सगळे गळाले. दोन बायकांनी कसंबसं शेवटाला नेलं.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटचा रविवार. निरोप समारंभ करतो म्हणत होते, मी नको म्हटलं. तरी एका म्हातारीने येऊन माझ्या हाताचं चुंबन घेतलं, फादरांचं घेतात तसं. मी हात मागे घेतला.

घरी येऊन किल्ल्या पुसल्या. सात.

१ ऑक्टोबर, बुधवार

नवे फादर आले. पस्तिशीचे असतील. दोन बॅगा आणि एक कुकर. खोलीत उभे राहून कुकर कुठे ठेवायचा ते कळेना त्यांना. वाटलं होतं, चेहऱ्यावर मग्रुरी असेल, म्हणजे माझं काम सोपं झालं असतं. तशी नव्हती.

नोंदवह्या दाखवल्या. किल्ल्या दिल्या. कोणत्या खिडकीला कडी लागत नाही ते सांगितलं.

म्हणाले, "तुम्ही येत राहाल ना? मला इथलं काहीच माहीत नाही."

"वह्यांमध्ये सगळं लिहिलंय," म्हटलं आणि निघाले.

५ ऑक्टोबर, रविवार

गेले नाही. जन्मात पहिल्यांदा, आजारी नसताना.

हे लवकर जाऊन आले. मग दिवसभर घरात नुसते वावरत होते. खिडकीपाशी माझी खुर्ची ओढून दिली. वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवल्या. दुपारी नदीकडे फिरायला जाऊ म्हणाले. गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा दोघं मिळून विनाकारण चाललो असू. परत आल्यावर भांडी घासताना हे चक्क गुणगुणत होते.

मला ते सहन होईना. म्हटलं, "माझं सगळं गेलंय, आणि तुम्हाला गाणी सुचतायत?"

नळ बंद केला त्यांनी. उरलेली भांडी मुकाट्याने घासली.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेले. मागच्या बाकावर बसले. एकशे चाळीस माणसं! मी कधी शंभरावर गेले नव्हते. फादर वाचताना अडखळतात, प्रवचन लांबवतात. तरी पापनिवेदनाला रांग होती. बेकरीवाला सगळ्यात पुढे.

ऑर्गन बंदच. मास्तर येतच नाहीत म्हणे. बाजारात जायचंही सोडलंय, घराबाहेर पडत नाहीत. कुणीतरी म्हणालं, "लोक त्यांच्याकडे बघून बोलायचे थांबतात ना."

मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचा पेशंट गेला आणि दारात फादर. वाटलं, खोकला असेल. मी शिशाचा एप्रन काढत होते, म्हटलं बसा. बसले नाहीत.

"बाई, मी एक आगळीक करायला आलोय. बिशपांनी मला तुमच्या चर्चची फाईल दिली, त्यात एक पत्र आहे. तुम्हाला दाखवू नकोस म्हणून बजावलंय."

"मग का आलात?"

"काल मी मास्तरांकडे गेलो होतो. पडदे ओढून बसलेत. त्यांच्या बायकोने विचारलं, फादर, माझ्या नवऱ्याने काय केलं ते तरी सांगा. त्यांनी काही केलेलं नाही हे मला माहीत आहे. माहीत असून मी त्यांच्याकडचं पाणी पिऊन आलो. रात्रभर ते पाणी घशाखाली उतरलं नाही. बिशपांचा शब्द मोठा आहे. पण त्या शब्दाखाली एक निरपराध माणूस चिरडतोय."

पाकीट टेबलावर ठेवलं. "मी बिशपांना कळवणार आहे की मी दाखवलं," म्हणाले. आणि गेले.

अजून उघडलेलं नाही. तिथे उघडवेना. घरी आणलं, पर्समध्येच आहे. मास्तरांनी काही केलेलं नाही. हे एवढंच पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. मास्तरांनी काही केलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र ह्यांचं आहे. जूनमधलं. खाली सही, पूर्ण पत्ता.

"...सात वर्षांत एकही रविवार ती माझी नव्हती. ती थकले म्हणणार नाही, आणि पुरे म्हणायची माझी छाती होत नाही, कारण ती देवाचं काम करते आणि मी डेपोतला माणूस. देवाकडे बायको परत मागायची तर अर्ज कुठे करतात ते माहीत नाही, म्हणून आपल्याला लिहितो. तिला सांगणार नाही असा शब्द द्यावा. तिला कळलं तर ती मला माफ करेल, आणि ते मला सोसणार नाही."

सकाळी मास्तरांच्या दारात उभं राहायचं आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.

हे स्वयंपाकघरात आहेत. "अगं, चहा टाकू का?" दोनदा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारताहेत.